व्हर्मिचेल्ली म्हणजे शेवई नव्हे: बारीक पास्ता ओळखायचा कसा

इटलीत तोरिनोला शिकायला गेले त्या वर्षीची गोष्ट. दिवाळी पाडव्याला शेवयांची खीर करायचं ठरवलं. दूध आणलं, साखर होती, वेलची आईने दिलेल्या डबीत होती, राहिल्या फक्त शेवया. आपल्याकडे शेवयांच्या पुड्यावर व्हर्मिसेली छापलेलं असतं हे डोक्यात इतकं पक्कं होतं की सुपरमार्केटमध्ये व्हर्मिचेल्ली लिहिलेला पुडा दिसल्याबरोबर उचलला, नीट बघितलाही नाही. घरी येऊन फोडला तर आत स्पॅगेटीपेक्षाही जाड काड्या! तरी हट्टाने बोटभर तुकडे केले, तुपात परतले, दुधात सोडले, साखरही आधीच घालून बसले आणि ढवळतेय ढवळतेय, दूध आटून बासुंदी व्हायला आलं तरी काड्या मधोमध कचकचीत. रूममेटने दोन चमचे खाल्ले आणि अगदी प्रेमाने विचारलं, यात चीज घालायचं राहिलं का?

खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या, सगळे त्यांना नुसतं सिन्योरा म्हणायचे. त्यांना हा किस्सा सांगितला तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि मग म्हणाल्या, नाव नको बघूस गं, मिनिटं बघ. पुढे दोन वर्षं मी याच एका सल्ल्यावर पास्ता विकत घेतला आणि कधी फसले नाही. तेव्हा नव्याने पास्ता करायला लागलेल्यांसाठी, विशेषतः दुकानात सात प्रकारच्या लांब काड्यांसमोर उभं राहून गोंधळणाऱ्यांसाठी, हे सगळं एकदा लिहून टाकते.

आधी नावाचं शेपूट वाचा

आपल्याकडे टोपला मोठा आणि टोपली लहान, गाडा मोठा आणि गाडी लहान. इटालियनमध्येही तसंच, शब्दाच्या शेवटावरून लहान-मोठं कळतं. शेवटी ईनी किंवा ईने आलं की बारीक, ओनी आलं की जाड. स्पागो म्हणजे सुतळी. त्यावरून स्पागेत्तो म्हणजे बारीक सुतळी, आणि अशा पुष्कळ सुतळ्या म्हणजे स्पागेत्ती, आपली स्पॅगेटी. म्हणजे स्पॅगेटी हे नाव मुळातच लाडाचं आणि अनेकवचनी आहे. त्याला पुन्हा ईनी लावलं की स्पागेत्तीनी, बारकीहून बारकी सुतळी. आणि ओनी लावलं की स्पागेत्तोनी, म्हणजे 'मोठ्ठी बारीक सुतळी', ज्याला काही अर्थ नाही पण दुकानात मिळते.

बाकीची नावंही अशीच घरगुती आहेत. लिंग्वा म्हणजे जीभ, म्हणून लिंग्वीने म्हणजे छोट्या जिभा, कारण ती काडी गोल नसते, चपटी असते. बुको म्हणजे भोक, म्हणून बुकातीनी, जिच्यात आरपार भोक असतं (बारीक नाही ती, नावातल्या ईनीवर जाऊ नका, बघा इथेच नियम मोडला). वेर्मे म्हणजे अळी, आणि व्हर्मिचेल्ली म्हणजे छोट्या अळ्या. हे कळल्यावर एक आठवडा मला खाववत नव्हतं.

आणि कापेल्लो म्हणजे केस. त्यावरून कापेल्लीनी, बारीक केस, आणि त्याहून बारीक ती कापेल्ली दांजेलो, देवदूताचे केस, तीच जी इकडे मेन्यूवर एंजल हेअर म्हणून येते. इथे एक सांभाळा, 'प' एकच आहे. 'प' ला जोड देऊन काप्पेल्लो म्हटलं की ती टोपी होते, आणि काप्पेल्लेत्ती म्हणजे आत सारण भरलेल्या टोपीच्या आकाराच्या छोट्या पुरचुंड्या. मी एकदा एका खाणावळीत केस मागवायच्या नादात टोप्या मागवल्या होत्या. छान होत्या पण.

मग नाव विसरा आणि पुड्याची मागची बाजू बघा

शेपूट वाचून एकाच कंपनीच्या दोन पुड्यांतला जाड-बारीक कळतो, पण वेगळ्या कंपनीचा, वेगळ्या गावाचा किंवा वेगळ्या देशाचा पुडा आला की खेळ खलास. सगळ्यात मोठा घोळ व्हर्मिचेल्लीचाच. इटलीत, खासकरून नेपल्सकडे, व्हर्मिचेल्ली म्हणजे स्पॅगेटीएवढी किंवा तिच्याहून किंचित जाड काडी. खरं तर हेच जुनं नाव, पंधराव्या शतकातल्या पाककृतींत सापडतं, स्पॅगेटी हा शब्द त्यामानाने कालचा, एकोणिसाव्या शतकातला. आणि अमेरिकेत बरोबर उलटं, तिथल्या सरकारी नियमात व्हर्मिचेल्ली म्हणजे ०.०६ इंचापेक्षा, साधारण दीड मिलिमीटरपेक्षा, जाड नसलेली काडी, आणि त्याहून जाड ती स्पॅगेटी. आपल्याकडे तर व्हर्मिसेली म्हणजे सरळ शेवई. एक शब्द, तीन देश, तीन जाड्या. न्यू जर्सीतली मावशी फोनवर व्हर्मिसेली सांगते तेव्हा ती यातली कुठली हे विचारून घ्या.

पुड्यावर आकडाही असतो, तर वाटतं हा तरी सगळीकडे सारखा असेल. नाही. बारिल्ला कंपनीची पाच नंबर म्हणजे स्पॅगेटी, तीन नंबर स्पागेत्तीनी, एक नंबर कापेल्लीनी. दे चेक्को कंपनीची स्पॅगेटी मात्र बारा नंबर, स्पागेत्तीनी अकरा, आणि कापेल्लीनी नऊ. सात नंबर घेतलात तर पहिल्यांकडे जाड स्पागेत्तोनी मिळते आणि दुसऱ्यांकडे चपटी लिंग्वीने. हे नंबर त्या त्या कंपनीचे स्वतःचे, एकमेकांशी संबंध नाही.

म्हणून मिनिटं. पुड्यावर शिजायचा वेळ छापलेला असतोच, आणि काडी जितकी बारीक तितका तो कमी, यात कुठलीच कंपनी काही करू शकत नाही. माझा अंदाज असा ठरलाय: आठ ते बारा मिनिटं लिहिली असतील तर ती स्पॅगेटी किंवा जाड व्हर्मिचेल्ली, जाडी १.८ ते २ मिलिमीटरच्या आसपास. पाच ते आठच्या मधली असेल तर स्पागेत्तीनी, साधारण दीड मिलिमीटर. तीन-चार मिनिटं म्हणजे कापेल्लीनी, आणि दोन-तीन म्हणजे देवदूताचे केस, मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी. स्पागेत्तीनी आणि कापेल्लीनी यांच्या मध्ये एक फेदेलीनी असते, लिगूरिया म्हणजे जेनोवाच्या बाजूची. तिचं नाव अरबी फिदाऊशवरून आलं असं मानतात, आणि स्पेनमध्ये ज्यांना फिदेओस म्हणतात त्या शेवयाही त्याच घराण्यातल्या.

अरबी नावाचा हा धागा तसा लांब जातो. सिसिलीच्या राजदरबारातला भूगोलकार अल-इद्रिसी याने ११५४ साली लिहून ठेवलंय की पालेर्मोजवळ त्राबिया नावाच्या गावात इत्रिया, म्हणजे वाळवलेल्या पिठाच्या तारा, भरपूर बनतात आणि जहाजांतून लांबलांब जातात. मार्को पोलोने चीनमधून पास्ता आणला अशी जी कथा सगळीकडे सांगतात तिचं इथेच बारा वाजतं, कारण पोलोसाहेब त्यानंतर शंभर वर्षांनी जन्मले.

बारीक झाली की स्वभाव बदलतो

हे समजून घेतलंत तर पुढचं सगळं आपोआप येईल. समजा शंभर ग्रॅम स्पॅगेटी घेतली, आणि दुसरीकडे शंभर ग्रॅम कापेल्ली दांजेलो जिची जाडी तिच्या निम्मी आहे. वजन तेच, लांबी तीच, पण काड्या चौपट होतात आणि पाण्याला, सॉसला लागणारा पृष्ठभाग दुप्पट. म्हणजे स्टार्च दुप्पट वेगाने सुटणार, सॉस चटकन शोषला जाणार, आणि एकमेकींना चिकटायला जागाही दुप्पट. म्हणूनच बारीक पास्त्याचा गोळा होतो. तुमचं काही चुकलेलं नसतं, वेळ गेलेली असते.

आणि म्हणूनच बारीक काडीवर जड सॉस घालायचा नाही. मांसाचा खिमा तासन् तास शिजवून केलेला रागू देवदूताच्या केसांवर ओतला की केस खाली चेपतात आणि खिमा वर एकटा पडतो. रागूचं माहेर बोलोन्या, आणि तिथे तो स्पॅगेटीबरोबरही खात नाहीत, रुंद ताल्यातेल्लेबरोबर खातात. किती रुंद, तर शिजल्यावर ८ मिलिमीटर, हे त्यांनी १९७२ साली तिथल्या व्यापारी मंडळात रीतसर नोंदवून ठेवलंय, सोन्याची पट्टी करून. लोकं आहेत.

बारीक काडीला पातळ आणि झटपट होणारं काहीतरी लागतं: ऑलिव्ह तेलात हलका परतलेला लसूण आणि सुकी मिरची, ताजा टोमॅटो दोन मिनिटं परतून, लिंबू आणि लोणी, शिंपल्या. लसूण-तेल किंवा शिंपल्यांना माझं मत स्पागेत्तीनीला. कापेल्लीनीवर कच्चा टोमॅटो बारीक चिरून, तुळशीसारखी ती बासिलिकोची पानं, तेल, मीठ, संपलं. आणि देवदूताचे केस खरं तर सॉससाठी नाहीतच, ते रश्शातले. कोंबडीचं किंवा भाज्यांचं पातळ गरम सूप उकळतंय, त्यात काड्यांची गुंडाळलेली गड्डी हातानेच चुरायची, दोन मिनिटांत वाटीत. सिन्योरांकडे सर्दी झालेल्या प्रत्येकाला हेच मिळायचं. स्पॅगेटी मोडली तर इटालियन माणूस दुखावतो हे खरं आहे, पण रश्शात टाकायच्या बारीक काड्या ते स्वतःच मोडतात, तेव्हा तिथे निवांत.

क्रीमचा पांढरा सॉस? बारीक पास्त्यावर नको. करून बघितलाय. सिमेंट होतं.

आता प्रत्यक्ष करायला घेऊ

पहिल्यांदा करताय तर थेट एंजल हेअरवर उडी मारू नका, कितीही सुंदर दिसली तरी. स्पॅगेटी चार वेळा करा, मग स्पागेत्तीनी, मग खाली उतरा. घेताना पुड्यावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलाय ना बघा. इटलीत १९६७ पासून कायदाच आहे की वाळवलेला पास्ता ड्युरमच्या रव्याचाच हवा. आपल्याकडे मात्र मैद्याचाही मिळतो, आणि मैद्याची बारीक काडी म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या हलगर्जीपणाने खळ. ड्युरम म्हणजे काही परका प्रकार नाही, आपला बन्सी गहू ड्युरमच, ज्यांच्या घरी बन्सीच्या रव्याचा उपमा होतो त्यांना तो कडक दाणेदार रवा माहितीच आहे. पुड्याच्या खिडकीतून काडी बघा, फिकट आणि खडबडीत, पीठ भुरभुरल्यासारखी दिसली तर ती पितळी-कांस्य साच्यातून काढलेली, तिला सॉस धरतो. पिवळीधमक आणि गुळगुळीत चकचकीत असेल तर टेफ्लॉनचा साचा, स्वस्त पडते, चालते.

किती घ्यायची? माणशी ८० ते १०० ग्रॅम. काटा नसेल तर काड्यांची जुडी मुठीत धरा आणि टोकाकडून बघा, रुपयाच्या नाण्याएवढी दिसली की एका माणसाची झाली. गंमत म्हणजे काडी जाड असो की बारीक, जुडी तेवढीच राहते, फक्त आत काड्या जास्त बसतात.

पाणी शंभर ग्रॅमला एक लिटर, त्यात दहा ग्रॅम मीठ, म्हणजे दोन चमचे सपाट. एक-दहा-शंभर असं लक्षात ठेवतात तिकडे. बारीक पास्त्याला पाण्यात कंजूषी अजिबात करू नका, कमी पाण्यात स्टार्च दाट होतो आणि काड्या एकमेकींना मिठी मारतात. पाण्यात तेल घालायची गरज नाही, ते वर तरंगत बसतं आणि नंतर सॉस चिकटू देत नाही.

जाड पास्ता करताना आपण आधी पास्ता टाकतो आणि मग सॉसकडे बघतो. इथे उलटं. सॉस पूर्ण तयार, मोठ्या पसरट पॅनमध्ये, मंद गॅसवर, ताटल्या काढलेल्या, खाणारे बसलेले, मग काड्या पाण्यात. टाकल्याबरोबर काट्याने किंवा चिमट्याने हलवत राहायचं, पहिला अर्धा मिनिट तर थांबायचंच नाही. पुड्यावर तीन मिनिटं लिहिलीत तर दुसऱ्या मिनिटाला एक काडी काढा, दाताने अर्धी तोडा आणि तुटलेल्या टोकाकडे बघा. मधोमध पांढरा ठिपका दिसेल, टाचणीच्या टोकाएवढा. त्याला ते लोक आनिमा म्हणतात, आत्मा. आत्मा मोठा असेल तर अजून वीस सेकंद, नुसती खूण राहिली असेल तर ताबडतोब बाहेर. पूर्ण गेला असेल तर... असो, सूप करा.

चाळणीत ओतून निथळत ठेवायची चूक मी महिनाभर करत होते. चाळणीत ती आपल्याच वाफेत शिजत राहते. चिमट्याने उचलून सरळ पॅनमध्ये टाका, निथळणारं पाणी आलं तरी चालेल, उलट हवंच. वर आणखी अर्धा पळा ते पिठाळ पाणी घालून दोनदा उडवा. पॅनमध्ये थोडं जास्तच ओलं वाटलं पाहिजे, कारण ताटलीत जाईपर्यंत ती तेवढं पिऊन टाकते. गार पाण्याने धुऊ नका. आणि उरेल, उद्या डब्याला नेऊ असा विचार बारीक पास्त्याबाबत मनातही आणू नका.

काही प्रकार जे पुड्यात क्वचित मिळतात

वर सांगितलं ते बहुतेक रवा आणि पाण्याचं. अंड्याचं कुळ वेगळं. ताल्योलीनी हे त्यातलं सगळीकडे मिळणारं नाव, ताल्यारे म्हणजे कापणे, म्हणून ताल्योलीनी म्हणजे बारीक कापलेलं (तो मधला 'ग' लिहितात, पण म्हणत नाहीत, नुसतं ल्य). मार्के प्रांतात काम्पोफिलोने नावाचं एक गाव आहे, तिथल्या माक्केरोंचीनी इतक्या बारीक असतात की मिनिटभरात शिजतात. किलोभर पिठाला सात ते दहा अंडी, पाणी अजिबात नाही, आणि २०१३ पासून त्या नावाला युरोपियन संरक्षण आहे, म्हणजे आपल्या जीआयसारखं (भौगोलिक मानांकन).

पण मी जिथे राहिले त्या पिएमोन्तेचा मान तायारीनचा. तायारीन हे ताल्योलीनीचंच तिथल्या बोलीतलं रूप. यात नुसते पिवळे बलक घालतात, आणि किती, तर किलोभर पिठाला तीस, काही जण चाळीसही घालतात. सिन्योरा शनिवारी करायच्या. पीठ झेंडूच्या पाकळीच्या रंगाचं. लाटून लाटून एवढं पातळ की खाली पाटावरच्या रेषा दिसाव्यात, मग थोडं सुकू द्यायचं, सैल गुंडाळी करायची, आणि लांब सुरी घेऊन टक टक टक टक, प्रत्येक काप फार तर दोन मिलिमीटरचा, बोटं मागे मागे सरकतायत आणि नजर माझ्याकडे, गप्पा चालूच. शेवटी सुरीच्या पात्यावर गुंडाळी उचलून झटकली की सगळ्या तारा सुट्या होऊन पाटावर पसरायच्या. माझी आजी ओल्या शेवया काठीवर वाळत घालताना जशी हलक्या हाताने एकेक तार सोडवायची, अगदी तोच हात. वर लोणी आणि सेजची पानं, बस. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आल्बा गावच्या पांढऱ्या ट्रफलचा (जमिनीखाली उगवणारी महागडी अळंबी) सीझन असतो, तेव्हा ज्यांना परवडतं ते त्याचे काप वर किसून घेतात. मी वास घेतलाय.

आणि सगळ्यात बारीक, जी मी खाल्लेली नाही पण सोडवत नाही म्हणून लिहिते: सार्डिनियातल्या नुओरोची सु फिलिन्देऊ, देवाचे धागे. रवा, पाणी, मीठ एवढंच. पिठाची दोरी हाताने ताणायची, दुमडायची, पुन्हा ताणायची, मध्ये मध्ये मिठाच्या पाण्यात बोटं बुडवायची. एकाचे दोन, दोनाचे चार, आठव्या वेळी २५६ धागे. ते एका गोल चौकटीवर ताणून पसरायचे, त्यावर तिरके दुसरे, त्यावर पुन्हा तिरके तिसरे, आणि उन्हात वाळवायचे. वाळल्यावर मलमलीच्या तुकड्यासारखं दिसतं. लुला गावाजवळ सान फ्रांचेस्कोची जत्रा भरते, मे महिन्यात आणि ऑक्टोबरात, नुओरोहून लोक रात्रभर पायी चालत जातात, आणि पोचल्यावर मेंढीच्या रश्शात हे तुकडे मोडून वर पेकोरीनो चीज घालून खायला देतात. ही कला जमणाऱ्या बायका आता अगदी मोजक्या उरल्यात, कारण ती आईकडून मुलीकडे एवढ्याच वाटेने आली.

आता खिरीचं राहिलं. परदेशात आहात, आपल्या शेवया मिळत नाहीत, तर कापेल्ली दांजेलोचा गड्ड्यांचा पुडा घ्या, अंडं नसलेला, मागे दोन किंवा तीन मिनिटं लिहिलेला. चार जणांना दोन गड्ड्या पुरतात. कोरड्याच हाताने चुरा, चमचाभर तुपात मंद आचेवर गुलाबी होईपर्यंत परता, या बारीक असल्याने लगेच करपतात म्हणून गॅससमोरून हलू नका. लिटरभर दूध वेगळं उकळून घ्या, ते त्यात ओता, चार मिनिटं शिजू द्या, आणि साखर शेवटी, शेवया मऊ झाल्याची खात्री झाल्यावरच. पुढच्या पाडव्याला मी अशी केली, वाटी घेऊन खाली गेले. सिन्योरांनी एक चमचा खाल्ला, वाटी उचलून नाकाशी नेली, वेलचीचा वास घेतला, आणि विचारलं, किती मिनिटं?